फतेह मैदान आणि आमच्या शाळेमागची मोकळी जागा

मागच्या महिन्यात शाळेच्या मीटिंगमध्ये चहा येण्याआधी एक विषय निघाला आणि चहा संपेपर्यंत जवळजवळ पक्काही झाला. शाळेमागच्या मोकळ्या जागेवर शादीखाना बांधायचा. खाली हॉल, वर दोन खोल्या, रस्त्याच्या बाजूला सहा गाळे. गाळ्यांच्या भाड्यातून शाळेला पैसा आणि मोहल्ल्यातल्या गरिबाच्या लेकीचं लग्न कमी खर्चात. मी गप्प बसून होतो. उठताना एका बुजुर्गांनी विचारलं, "सर, आप कुछ बोले नै." मी म्हटलं, लिहून देतो. बोलताना मला राग येतो आणि राग आला की मुद्दा सुटतो. म्हणून हे लिहितोय.

ती जागा म्हणजे काही फार मोठं मैदान नाही. एका बाजूला बाभळी, एका बाजूला शाळेची भिंत, मधे थोडा उतार. पावसाळ्यात खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं. तेव्हा चेंडू टप्पा घेत नाही म्हणून पोरं क्रिकेट सोडून फुटबॉल खेळतात. दसरा-दिवाळीपर्यंत जमीन वाळते, मग पुन्हा टेनिस बॉल आणि विटांच्या यष्ट्या. हे कोणी ठरवून दिलेलं नाही. आमच्या मुदखेडला मोकळी जागा तशी कमी नाही. गावाबाहेर फुलांची शेतं आहेत, केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, जंक्शनचं आवार आहे. पण शाळेतल्या मुलाला दप्तर भिंतीला टेकवून, कोणाची परवानगी न घेता धावता येईल अशी जागा ही एकच.

आता मी तुम्हाला हैदराबादला घेऊन जातो. कारण आमच्या घरात 'मैदान' हा शब्द तिथूनच आला.

माझे दादा रेल्वेत होते. त्यामुळे अब्बांना पास मिळायचा आणि लहानपणी हैदराबाद त्यांना नांदेडपेक्षा फार लांबचं वाटायचं नाही. उमरी, धर्माबाद, बासर, निझामाबाद करत गाडी काचीगुड्याला लागायची. आम्ही भावंडं गल्लीत बॅट घेऊन उतरलो आणि कोणाच्या पत्र्यावर चेंडू गेला, की अब्बा आतून ओरडायचे, "क्यों रे, फतेह मैदान समझे क्या?" मला बरीच वर्षं वाटायचं की फतेह मैदान ही म्हणच आहे. ती खरी जागा आहे हे नंतर कळलं. आजचं लालबहादूर शास्त्री स्टेडियम, बशीरबागजवळचं, ते हे फतेह मैदान. नाव बदललं १९६७ मध्ये. जुने लोक अजून जुनंच नाव घेतात.

हे नाव ऐकलं की काहींचे कान टवकारतात, म्हणून त्याची गोष्ट आधी सांगून टाकतो. १६८७ साली औरंगजेबाच्या फौजेनं गोवळकोंड्याला आठ महिने वेढा घातला. तेव्हा फौजेचा तळ या मोकळ्या रानात होता आणि किल्ला पडल्यावर त्याला फतेह मैदान म्हणू लागले, असं सांगतात. फतेह म्हणजे विजय. पण कोणाचा कोणावर? हरणारा अबुल हसन कुतुबशहा, म्हणजे तानाशाह, हाही मुसलमानच. त्याचा कारभार पाहणारे मादण्णा आणि आकण्णा हे ब्राह्मण बंधू. १६७७ मध्ये शिवाजी महाराज भागानगरला आले तेव्हा त्यांचं स्वागत करून दोस्ती करणारा तो हाच कुतुबशहा. या विजयात धर्म शोधायला निघालेला माणूस कुठल्याच बाजूनं पोचत नाही. आणि पुढचं तर आपल्या मराठवाड्यातलं आहे. हरलेल्या तानाशाहला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, तो तिथंच वारला आणि खुलताबादला दफन झाला. जिंकणारा औरंगजेबही खुलताबादलाच आहे. दोघं एकाच गावच्या मातीत. फतेह नावाचं उरलं ते फक्त मैदान, आणि त्यावर पुढं पोरांनी चेंडू मारले. इतिहासाचा याहून चांगला वापर मला तरी माहीत नाही.

निझामाच्या काळात या मैदानावर पोलो चालायचा. म्हणजे घोडा असेल तोच खेळणार. क्रिकेटसुद्धा तेव्हा नवाबांच्या आश्रयाचंच होतं. पायगा घराण्यातल्या मोईन-उद-दौला यांच्या नावाचा सुवर्णचषक १९३०-३१ ला सुरू झाला, तो सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर. तिथं प्रेक्षकांना बसायला स्टँड नव्हते, म्हणून मोठे सामने हळूहळू फतेह मैदानाकडे आले. या मैदानाचा खरा विकास कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी स्टँड आणि दिवे सांगणार नाही. जिथं घोड्याशिवाय जाता येत नव्हतं तिथं अनवाणी पोरगा जाऊ लागला, हा त्याचा विकास.

१९ नोव्हेंबर १९५५ ला इथं पहिला कसोटी सामना सुरू झाला, न्यूझीलंडविरुद्ध. भारताचा कर्णधार होता गुलाम अहमद, हैदराबादचाच ऑफस्पिनर, स्वतःच्या गावच्या मैदानावर. पॉली उम्रीगरनं २२३ धावा केल्या. कसोटीत भारतीयानं केलेलं ते पहिलं द्विशतक. विजय मांजरेकर आणि पहिलाच सामना खेळणारा कृपालसिंग यांनी शतकं ठोकली. भारतानं ४ बाद ४९८ वर डाव सोडला आणि सामना अनिर्णित राहिला. या सामन्याकडे मी मराठवाड्याचा माणूस म्हणून पाहतो तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. तेव्हा मुदखेड, नांदेड, लातूरचा भाग अजून हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो. म्हणजे ते आपल्या राजधानीचं मैदान होतं. मराठी क्रिकेटचा इतिहास लिहिताना पुणे-मुंबईच्या जिमखान्यांवर पानंच्या पानं येतात. मराठवाड्याच्या वाट्याचं मैदान मात्र राज्याबाहेर राहिलं म्हणून आपल्या कुठल्याच पुस्तकात नीट आलं नाही.

अब्बा स्वतः गेले ते १९६९ च्या ऑक्टोबरात, पुन्हा न्यूझीलंडचाच सामना. (या मैदानावर तीनच कसोट्या झाल्या, १९५५, १९६९ आणि १९८८, आणि तिन्ही न्यूझीलंडशी. हा योगायोग अब्बांना फार आवडायचा.) भारत पहिल्या डावात ८९ धावांत गुंडाळला गेला. दुसऱ्या डावात २६८ करायच्या होत्या आणि ७६ वर सात गडी बाद झाले असताना आभाळ फुटलं. पाऊस थांबल्यावर पाणी काढायला इकडच्यांना काही घाई नव्हती. पाहुण्यांचा कप्तान स्वतः खाली उतरून पाणी हटवत होता, असं अब्बा सांगायचे. सामना वाचला. "बारिश आई सो बच गए," एवढंच ते म्हणायचे आणि हसायचे. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हा न हरलेला सामना त्यांनी आम्हाला जास्त वेळा सांगितला.

क्रिकेटचं एवढं पुरे. १९९९ मध्ये याच मैदानावर सचिननं नाबाद १८६ केल्या, द्रविडनं १५३ केल्या, दोघांची ३३१ धावांची भागीदारी झाली. ते तुमच्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवर पाहिलेलं आहे. मला बोलायचंय ते फुटबॉलबद्दल, आणि एका शिक्षकाबद्दल.

सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९, हैदराबाद. 'मैदान' नावाचा सिनेमा २०२४ च्या ईदला आला, अजय देवगणनं ते काम केलं, त्यामुळे आता माझ्या वर्गातल्या पोरांनाही नाव माहीत झालंय. सिनेमात ते कोच आहेत, सूट घालतात, सिगारेट ओढतात. पण त्याआधीचे रहीम साहेब कोण होते? मास्तर होते. काचीगुडा मिडल स्कूल, मग उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल. त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शेवटच्या दोन शाळांमध्ये खेळाचं काम पाहिलं. आमची गाडी ज्या काचीगुड्याला जाऊन थांबते तिथल्या शाळेतला एक मास्तर पुढं हिंदुस्थानच्या फुटबॉलचा उस्ताद झाला. हे मला माझ्या बी.एड.च्या पुस्तकात कोणी शिकवलं नाही. तिथं आम्ही परदेशी शिक्षणतज्ज्ञांची नावं पाठ केली.

१९५० मध्ये त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हातात घेतला. हे साल नीट पाहा. १९४८ च्या सप्टेंबरातल्या पोलीस ॲक्शनला दोनच वर्षं झाली होती. आपल्या भागातल्या मुसलमान घरांमध्ये त्या दिवसांची आठवण आजही दबक्या आवाजात निघते. ज्या घरांमध्ये 'पोलीस' हा शब्द ऐकला की दारं लावली जात, त्याच घरांमधली पोरं पोलिसांची जर्सी घालून मुंबईला गेली आणि कूपरेजवर रोव्हर्स कप घेऊन आली. एकदा नाही, १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं. १९५० चा ड्युरँड कपही त्यांनी मोहन बागानला हरवून जिंकला. त्या पाच वर्षांत शहराच्या मनातली भीती किती उतरली असेल, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. मला वाटतं, भाषणांनी उतरली त्यापेक्षा जास्त उतरली असेल.

पुढचं सगळं नोंदलेलं आहे. रहीम साहेबांच्या हाताखाली भारतानं १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवून उपांत्य फेरी गाठली. त्या सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं तीन गोल केले. भारत चौथा आला. त्या संघात हैदराबादचे अझीझ होते, नूर मोहम्मद होते आणि तुलसीदास बलराम होता. बलराम सिकंदराबादच्या पलीकडच्या अम्मुगुडाचा, घरची परिस्थिती बेताची. सरावाला शहरात रोज यायचं कसं, हा त्याचा प्रश्न होता. सायकलच्या भाड्याचे पैसे रहीम साहेबांनी दिले, हे त्यानं पुढं अनेकदा सांगितलं. मला या सगळ्या इतिहासात ही सायकल सर्वांत महत्त्वाची वाटते. स्टेडियम सरकार बांधतं. पोरगा घरापासून मैदानापर्यंत पोचेल की नाही, हे मास्तर पाहतो.

त्यांची शिकवण्याची पद्धतही मास्तराचीच होती. ड्रिबलिंग करायचंच नाही अशा नियमाच्या स्पर्धा, फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धा. वर्गात आपण काय वेगळं करतो? ज्याला बाराखडी येते पण जोडाक्षर येत नाही त्याला जोडाक्षरांचाच उतारा देतो.

शेवटचं सुवर्ण जकार्ताचं, ४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी, भारत २-१. प्रेक्षक भारताच्या विरोधात होते, डोक्याला जखम झालेला जर्नेलसिंग पुढच्या फळीत खेळला आणि त्यानं गोलही केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. रहीम साहेबांना तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग झालेला होता. ११ जून १९६३ ला ते गेले. आता तारखा पाहा. ४ सप्टेंबरला हे सुवर्ण आणि दुसऱ्या दिवशी ५ सप्टेंबर. देशानं शिक्षक दिन पहिल्यांदा साजरा केला तो याच वर्षी, १९६२ मध्ये. दरवर्षी ५ सप्टेंबरला आम्ही हार घालतो, पोरं आमच्यावर कविता म्हणतात. एका मास्तरानं आदल्या दिवशी देशाला काय आणून दिलं होतं, हे मात्र एकाही भाषणात मी ऐकलेलं नाही. यंदा मीच बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी अम्मींच्या डोळ्यांसाठी हैदराबादला गेलो होतो. तपासणीला वेळ होता, म्हणून फतेह मैदान पाहून येऊ म्हटलं. बशीरबागकडून चालत गेलो आणि मैदान दिसेना. दिसली ती दुकानं. स्टँडच्या पोटात बाहेरच्या अंगानं दुकानांची रांग, बूट, बॅट, ट्रॉफ्या, टी-शर्ट. खेळाचं सामान होतं हे खरं. पण मैदान शोधायला मला दुकानदाराला विचारावं लागलं. आत गेलो तेव्हा कुठल्याशा कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडणं चाललं होतं. या मैदानावर खुर्च्या पुष्कळ मांडल्या गेल्या आहेत. १९८३ मध्ये एन. टी. रामारावांनी इथं मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, २००४ मध्ये राजशेखर रेड्डींनी, २०२३ च्या डिसेंबरात रेवंत रेड्डींनी. रमजानमध्ये सरकारी इफ्तार इथंच होते. मोठं क्रिकेट २००५ पासून उप्पलच्या नव्या स्टेडियमला गेलं. फुटबॉलचं वैभव तर रहीम साहेबांमागंच उतरत गेलं.

शपथविधीला आणि इफ्तारला माझी हरकत नाही. मैदानाचा गुणच हा आहे की ते एका दिवसासाठी दुसरं काहीतरी होऊ शकतं आणि सकाळी खुर्च्या उचलल्या की पुन्हा मैदान होतं. ईदगाहही तशीच असते. भिंत आणि शटर मात्र सकाळी उचलता येत नाहीत. म्हणून शादीखान्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे: लग्नं करा, त्याच जागेवर करा. रविवारी मंडप टाका, देगा चढवा, सोमवारी सकाळी जागा पोरांना परत द्या. निकाह मशिदीत होतो, त्याला हॉल लागत नाही. हॉल लागतो तो दावतीला, आणि दावती मोठ्या झाल्यात म्हणून गरिबाचं लग्न महाग झालंय. हॉल बांधल्यानं दावत लहान होणार नाही. हाजीसाब, तुम्ही स्वतःच जुम्याला हेच सांगता.

पैशाचा मुद्दा खरा आहे. शाळेचं छत गळतं, बाकं मोडली आहेत, आणि सहा गाळ्यांचं भाडं म्हणजे थोडी रक्कम नाही. याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. पण गाळे पाहिजेतच तर शाळेच्या समोरच्या भिंतीला दोन निघू शकतात. तिथं आज कचराच पडतो. दोन म्हणजे सहा नव्हेत, हे मलाही कळतं. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं त्याची यादी आहे. तीत मैदान आहे, शादीखाना नाही. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर गेला तर शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकही त्या यादीत आहे. आमच्याकडे तो नाही. खेळाचा तास वेळापत्रकात असतो, पण प्रत्यक्षात गणित खातं, परीक्षा जवळ आली की इंग्रजीही खातं. मी भाषेचा शिक्षक, तरी शिट्टी माझ्या गळ्यात आली ती अशी. ऑफसाइडचा नियम मी फोनवर पाहून शिकलो आणि अजून मला तो धड सांगता येत नाही.

आणि मुली. हे मीटिंगमध्ये कोणी बोललं नाही, मीही नाही. गेल्या पावसाळ्यापासून सातवीच्या नऊ मुली शाळा सुटल्यावर अर्धा तास फुटबॉल खेळतात. पहिल्या आठवड्यात दोघींचे वडील आले होते. मी त्यांना भिंत दाखवली. म्हटलं, बघा, तीन बाजूंनी आडोसा आहे, रस्त्यावरून काही दिसत नाही, मी स्वतः थांबतो. ते थोडा वेळ उभे राहून पाहत होते. त्यातल्या एकाच्या मुलीनं तेवढ्यात गोल मारला आणि तो माणूस हसला. दुसऱ्या दिवशी दोघीही आल्या. मुलांना ही जागा गेली तर ते रेल्वेच्या आवारात जातील, नदीकडे जातील, कुठंही जातील. मुलींना दुसरी जागा नाही. उद्या कोणी त्यांना गावाच्या मोठ्या मैदानावर पाठवा म्हणेल, तर त्यांचे तेच वडील नाही म्हणतील, आणि मीही त्यांना दोष देणार नाही. आपण मुलींच्या लग्नासाठी हॉल बांधू म्हणतो तेव्हा त्यांच्याकडे असलेली एकमेव मोकळी जागा घेऊन बांधणार आहोत, हे एकदा तरी मोठ्यानं म्हणून पाहा.

कमिटीची पुढची बैठक येत्या जुम्याला नमाजनंतर आहे. हा कागद मी आधी वाचून दाखवणार. बैठक शाळेच्या हॉलमध्ये न घेता मागच्या मैदानात, असरच्या सुमारास घ्यावी, असा अर्ज मी काल मुख्याध्यापकांकडे दिला आहे. खुर्च्या मुली लावतील. साडेपाचला त्यांना जागा रिकामी करून हवी आहे.